रात्री अकरानंतरचं क्वालालंपूर

मराठी माणसाचं मलेशिया बहुतेकदा तीन दिवसांचं असतं, सिंगापूर आणि थायलंडच्या मधे बसवलेलं. जुळ्या मनोऱ्यांसमोर जमिनीवर आडवं होऊन काढलेला फोटो, बाटू केव्ह्जच्या २७२ रंगीत पायऱ्या, गेंटिंगचा रोपवे, चॉकलेटच्या दुकानात सक्तीचा पाऊण तास आणि रात्री आठला पोळी-भाजी नाही तरी निदान डाळ-भात. १ डिसेंबर २०२३पासून भारतीयांना तिथं व्हिसा लागेनासा झाला आणि हा ओघ आणखी वाढला. साडेनऊला बस हॉटेलच्या दारात सोडते, टूर मॅनेजर सकाळी उठायची वेळ सांगतो आणि मंडळी आडवी होतात. क्वालालंपूरची माणसं त्याच सुमाराला गाडीची किल्ली शोधत असतात.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं त्या शहराला चिकटून असलेल्या पेटालिंग जयात राहिलो. ऑफिसातले, बॅडमिंटन कोर्टावरचे, वरच्या मजल्यावरचे असे मित्र जमले. त्यात इपोहचा एक चिनी होता, केलांतानहून आलेली मलय मुलगी होती, क्लांगचे दोन तमिळ भाऊ होते. पुढे परत गेलो तेव्हा मुद्दाम वही घेऊन त्यांच्याबरोबर हिंडलो, त्यांच्या मित्रांच्या मित्रांना बोलतं केलं. प्रश्न साधाच होता: सुट्टीच्या दिवशी तुम्ही करता काय? उत्तरं मात्र सगळी एकाच वळणाची आली. सुरळीत पार पडलेल्या सहलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. गाडी हरवली, वाट चुकली, पुरात अडकलो, टोलनाक्यावर अब्रू गेली, अशाच कथा. त्या सांगण्याची जागाही ठरलेली, मामाक नावाच्या खाणावळीतलं टेबल.

त्याआधी घड्याळाबद्दल थोडं सांगायला हवं. १९८१च्या ३१ डिसेंबरला रात्री साडेअकराला मलेशियाच्या द्वीपकल्पी भागातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे सरकली. बोर्निओतल्या साबा आणि सारावाकची वेळ आणि इकडची वेळ एक व्हावी म्हणून. सूर्याला अर्थातच कुणी विचारलं नाही. त्यामुळे क्वालालंपुरात सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो आणि संध्याकाळी सात-साडेसातला मावळतो, वर्षभर, कारण विषुववृत्त इतकं जवळ की दिवस लहान-मोठा होण्याची भानगडच नाही. दिवसभर बत्तीस-तेहेतीस अंश, घामानं चिकटलेला शर्ट, दुपारी चारला वीज कडाडून पाऊस. पायी हिंडायची सोय फक्त अंधार पडल्यावर. आणि पायी हिंडायचं तरी कुठे? क्लांग नदीच्या या खोऱ्यात पदपथ सुरू होतो तो अचानक आणि संपतो तोही अचानक, एखाद्या गटाराशी किंवा विजेच्या खांबाशी. मध्यवस्तीत बुकित बिंतांगहून जुळ्या मनोऱ्यांपर्यंत जाणारी वातानुकूलित, छत असलेली पादचारी वाट आहे. बाहेरून आलेल्यांना तिचं फार कौतुक वाटतं. उरलेलं शहर चाकांवर जगतं.

म्हणून लोक मॉलमध्ये जातात. मॉल हे तिथलं सार्वजनिक उद्यान आहे. फुकट थंडावा, स्वच्छ संडास, बाकडी, आणि कुणी हटकत नाही. सनवे पिरॅमिडमध्ये तर विषुववृत्तापासून तीन अंशांवर बर्फाचं मैदान आहे, तिथं शाळकरी पोरं स्केटिंग शिकतात. पण मॉल दहाला मिटतो. मित्रांच्या गप्पा दहाला मिटत नाहीत.

इथं मामाक कामाला येतो. दक्षिण भारतातून, मुख्यतः तमिळ मुलखातून आलेल्या मुसलमानांची ही खाणावळ. रस्त्याच्या कडेला, काही चोवीस तास उघडी. ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, स्टीलची टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका भिंतीवर भलामोठा पडदा. तव्यावर पीठ हवेत भिरकावून पातळ केलेली रोती चनाई, सोबत डाळ आणि करी. उंचावरून या मगातून त्या मगात ओतत फेस आणलेला, घट्ट गोड दुधाचा तेह तारिक. मॅगी गोरेंग म्हणजे आपली दोन मिनिटांची मॅगी, पण तिखट सॉसमध्ये परतून, अंडं फोडून, वर लिंबू पिळून. ती मध्यरात्री खाल्ल्याशिवाय मलेशिया कळला असं म्हणू नये. मायलोवर मायलोची कोरडी पूड डोंगरासारखी ओतून देतात, तिला मायलो डायनासोर म्हणतात आणि मोठमोठे बँक अधिकारी ती चमच्यानं खातात. वेटरला हाक ‘बॉस’, ‘अण्णे’ किंवा ‘माचा’. बिल हवं तर हवेत बोटानं काहीतरी लिहिल्यासारखं करायचं. तो येतो, टेबलावरच्या रिकाम्या ग्लासांवर नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. तो आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

तेह तारिकला दोन-तीन रिंगिट पडतात आणि त्या बदल्यात टेबल कितीही वेळ आपलं. इराणी हॉटेलात एका चहावर दुपार काढणाऱ्या जुन्या पुणेकराला हे गणित लगेच उमगेल. नुसतं टेकायचं, काहीच न करता, याला तिथं लेपाक म्हणतात. १९९०च्या दशकात सरकारला या लेपाकची बरीच चिंता लागली होती. तरुण पोरं मॉलच्या कठड्यांवर नुसती बसून राहतात, म्हणून त्यांना वळण लावायला ‘राकान मुदा’ नावाची युवक योजना निघाली. पोरं योजनेत गेली की नाही ठाऊक नाही. आता ती चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत आणि मामाकमध्ये बसलेली दिसतात, सोबत त्यांची पोरं.

बसायच्या या जागेला इतिहास आहे. १८८१ साली क्वालालंपूरवर दोन संकटं आली, जानेवारीत आग आणि डिसेंबरात पूर. तेव्हा हे गाव म्हणजे क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या संगमावर उगवलेली कथिलाच्या खाणवाल्यांची लाकूड-झावळ्यांची वस्ती. पुढच्या वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या फ्रँक स्वेटनहॅमनं घरं विटा-कौलांचीच हवीत असा आग्रह धरला. विटा जिथं भाजल्या तो भाग ब्रिकफील्ड्स, आजचा ‘लिटल इंडिया’. विटांच्या दुकान-घरांपुढे सलग पडवी ठेवायची पद्धत रॅफल्सच्या १८२२च्या सिंगापूर आराखड्यातून आली होती. ऊन-पावसात माणसांना चालता यावं म्हणून. तिला काकी लिमा म्हणतात. तिथं आता चालता येत नाही, कारण तिथं मामाकची टेबलं असतात. शहरानं माणसांसाठी ठेवलेली एकमेव सलग सावली माणसांनी चालण्याऐवजी बसण्यासाठी वापरली. नगररचनाकार याला अतिक्रमण म्हणतात. मला माणसांचा तो निकाल योग्य वाटला.

१ जानेवारी २०१९पासून खाण्याच्या जागी धूम्रपानाला बंदी आली, टेबलापासून तीन मीटर लांब जाऊन ओढायची. त्या रात्रीपासून प्रत्येक मामाकसमोर, रस्त्याच्या मधोमध किंवा पलीकडच्या फुटपाथवर, एक छोटी दुसरी सभा भरू लागली. महत्त्वाच्या गोष्टी तिकडेच ठरतात, अशी टेबलावर राहिलेल्यांची तक्रार असते. करोनात, १८ मार्च २०२०पासून, सगळंच बंद झालं. नंतर दुकानं उघडली, पण तव्यामागची माणसं पुरेशी परतली नाहीत. तमिळनाडूहून कामगार आणायचे परवाने मिळत नाहीत ही मामाकमालकांच्या ‘प्रेस्मा’ या संघटनेची जुनीच ओरड. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारे काही मामाक आता मध्यरात्रीच खुर्च्या उलट्या करतात. आरोग्यवाल्यांना त्यात आनंद आहे. देशातली निम्म्याहून जास्त प्रौढ माणसं वजनानं जास्त भरतात आणि मध्यरात्रीच्या मॅगीचा त्यात वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मामाक टिकला त्याचं खरं कारण पोटाचं आहे. इपोहच्या त्या मित्रानं मला एकदा संध्याकाळच्या बेताचं गणित मांडून दाखवलं. टोळीत मलय मुसलमान असला की डुकराचं मांस शिजतं ती चिनी दुकानं बाद. हिंदू असला तर गोमांसाची खास दुकानं बाद. चिनी मैत्रीण ग्वानयिन देवीच्या व्रताला शाकाहारी असेल तर समुद्री मासळीवाले बाद. कुणी बिअर म्हणालं तर मलय मैत्रीण बिचारी गप्प बसते, मग सगळेच बिअरचं नाव काढत नाहीत. वजाबाकी करता करता उरतो तो मामाक. तिथलं सगळंच चांगलं असतं असं नाही. तिथं कुणालाच उठून जावं लागत नाही, एवढंच. रमझानात हे गणित आणखी बदलतं. दिवसा मुसलमानानं उघड्यावर खाल्लं तर धर्मखात्याचे लोक दंड करतात, पण संध्याकाळी बांगेची वाट पाहत समोर खजूर ठेवून बसलेल्या टेबलावर चिनी आणि तमिळ मित्रही हात आवरून बसलेले दिसतात. कुणी सांगितलेलं नसतं. भूक त्यांनाही लागलेली असते आणि ती चेहऱ्यावर दिसते.

आता गाड्या. मलेशियानं १९८५ साली मित्सुबिशीच्या मदतीनं प्रोटॉन सागा काढली. स्वतःची मोटार हा राष्ट्राभिमानाचा विषय झाला. १९९४मध्ये पेरोदुआ कांचिल आली आणि २००५मध्ये मायव्ही. ही मायव्ही तिथं वाहन कमी आणि लोककथेतलं पात्र जास्त आहे. चिंचोळ्या गल्लीतून ताशी शंभरनं जाणारी, तिहेरी पार्किंग करणारी, फॉर्म्युला वनला लाजवणारी मायव्ही असे विनोद हजारोंनी आहेत आणि ते सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी मायव्हीच असते.

एका मोठ्या मॉलच्या तळघरात आमच्या टोळीतल्या दोघांची मायव्ही हरवली. चोरी नाही, नुसतीच हरवली. सिनेमा रात्री साडेबाराला सुटला. ‘निळ्या खांबाजवळ लावली’ एवढं एकाला आठवत होतं. तीन तळघरं होती आणि प्रत्येक तळघरात निळे खांब होते. प्रत्येक निळ्या खांबाजवळ पांढरी मायव्ही होती. किल्लीचं बटण दाबत दोघं हिंडले, लांबून कुठूनतरी कुईं आवाज येई, पण काँक्रीटमध्ये दिशा कळेना. शेवटी सायकलवरून फिरणाऱ्या नेपाळी रखवालदारानं शांतपणे विचारलं, तुम्ही आलात ते सिनेमाच्या दारानं की सुपरमार्केटच्या? मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत ती इमारतच नवी, गाडी जुन्या इमारतीखाली. रखवालदाराच्या सांगण्यानुसार हे दर शनिवारी घडतं आणि हरवणारे बहुधा पुरुष असतात. बायका आल्या आल्या खांबाचा फोटो काढून ठेवतात.

गाडी सापडली तरी घर सापडेलच असं नाही. पेटालिंग जया १९५०च्या दशकात क्वालालंपूरची गर्दी कमी करायला वसवलेलं नियोजित गाव. नियोजनकारांनी रस्त्यांना नावं देण्याऐवजी आकडे दिले. एसएस २ हा विभाग, त्यात एसएस २/२४ रस्ता, एसएस २/७५ रस्ता. चोविसाव्याच्या शेजारी पंचविसावा असेल असं समजणारा माणूस नवखा. मोबाइलमध्ये नकाशे आले नव्हते तेव्हा वाढदिवसाच्या पार्टीला निघालेली माणसं केक कापून झाल्यावर पोहोचत. त्यातून टोलरस्त्यांचं जाळं. एक फाटा हुकला की पुढचा फाटा येईपर्यंत परतायची सोय नाही, मधे एक टोलनाका, आणि गप्पांच्या नादात पुत्रजया. केंद्र सरकारची ती भव्य, रात्री निर्मनुष्य प्रशासकीय राजधानी क्वालालंपूरच्या कित्येकांनी प्रथम अशीच पाहिली आहे, वाट चुकून, रात्री दीडला, कुणी विचारायलाही नाही अशा रुंद रस्त्यावर.

टोलनाक्यावरची नामुष्की सगळ्यांना माहीत असते. कार्ड यंत्रावर टेकवलं की शिल्लक कमी म्हणून दांडा उठत नाही. मागे सात गाड्या. क्लांगच्या धाकट्या भावावर ही वेळ पोर्ट डिक्सनच्या समुद्राकडे निघालेल्या शनिवारी सकाळी आली, जेव्हा अख्खं शहर त्याच दिशेनं निघालेलं असतं. गाडीत पाच जण, पाचांच्या खिशात मिळून तीन कार्डं, तिन्ही रिकामी. मागच्या गाडीतल्या काकू उतरल्या, आपलं कार्ड टेकवून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण सगळ्यांसमोर हॉकिएन भाषेत जे काही बोलल्या त्याचा अर्थ इपोहवाल्यानं आजवर सांगितलेला नाही.

पाऊस मात्र विनोदापुरता राहत नाही. दुपारच्या वादळी सरीत उड्डाणपुलाखाली मोटरसायकलवाले दाटीनं उभे राहतात. वाऱ्यापासून छाती झाकायला जाकिट उलटं, पाठीची बाजू पुढे करून घालायची त्यांची तऱ्हा. अर्ध्या तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी. १९७१च्या जानेवारीत क्वालालंपूर बुडालं होतं, त्यानंतर कालवे, तळी, बंधारे असं बरंच झालं. २००७मध्ये ‘स्मार्ट’ बोगदा सुरू झाला. तो ९.७ किलोमीटर लांब, नदीचं जादा पाणी शहराखालून वळवणारा. गंमत अशी की त्याच्या मधल्या भागात एरवी दुमजली मोटाररस्ता असतो. मोठा पूर आला की आधी गाड्या बाहेर काढतात, दारं लावतात, मग त्याच रस्त्यावरून पाणी सोडतात. अभियांत्रिकीचं असं दुहेरी डोकं मला फार आवडतं. पण १८ डिसेंबर २०२१च्या शनिवारी पाऊस थांबलाच नाही आणि तो पडला खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. शाह आलमच्या तामान श्री मुदा वस्तीत माणसं छपरांवर चढून बसली, महामार्गांवर गाड्या रात्रभर अडकल्या. सरकारी मदत वेळेवर पोहोचली नाही म्हणून लोक खवळले. मधल्या काळात होड्या आणि कयाक घेऊन पोहोचले ते सामान्य लोक, बरेचसे मित्रांचे जथेच. ज्या मोबाइल गटांवर आदल्या दिवशीपर्यंत ‘शनिवारी कुठे?’ चाललं होतं त्यांवर कोणत्या गल्लीत किती माणसं अडकली याचे पत्ते फिरू लागले. केलांतानच्या मैत्रिणीनं तो गट मला दाखवला. वर सरकवत गेलं की आधी पत्ते, त्याआधी सेकिंचानच्या भातशेतीत फोटो काढायला जायचा बेत.

याच मैत्रिणीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुरुषांच्या किश्शांत येत नाही. मोटरसायकलवरून येऊन पर्स हिसकणाऱ्यांची धास्ती या शहरातल्या बायकांच्या चालण्यात मुरलेली आहे. पर्स रस्त्याच्या उलट्या खांद्यावर, नजर मागे. उपनगरी रेल्वेत २०१०पासून बायकांसाठी गुलाबी डबे आहेत. टॅक्सीवाले मीटर टाकत नसत, रात्री तर नकोच. दोघा मलेशियनांनी २०१२ साली ‘मायटेक्सी’ नावानं सुरू केलेली सेवा, जी पुढे ‘ग्रॅब’ झाली, तिनं रात्रीची भटकंती बायकांसाठी बरीच सोपी केली. तरी मामाकवरून उठताना प्रत्येकीचा फोन आपण कुठे आहोत हे दुसरीला दाखवत असतो. शिवाय मुसलमान मुलीला आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. अविवाहित स्त्री-पुरुष बंद खोलीत एकत्र सापडले तर खलवतचा गुन्हा, तो फक्त मुसलमानांना लागू. समुद्रावर गटानं मुक्कामाला जाताना खोल्यांची वाटणी ती स्वतः करते, दार उघडं ठेवून पत्ते खेळायचे हेही तीच ठरवते. ‘तुमची सहल फसली की किस्सा होतो,’ ती म्हणाली, ‘माझी फसली तर केस होते.’

गेंटिंगचा किस्सा प्रत्येक टोळीचा असतो. लिम गोह तोंग नावाच्या चिनी कंत्राटदारानं १९६५मध्ये १,८०० मीटर उंचीवरच्या ढगातल्या जंगलात हवेचं ठिकाण उभारायचा घाट घातला, डोंगर फोडून रस्ता केला, १९७१ला पहिलं हॉटेल उघडलं. देशातला एकमेव परवानाधारक जुगारखाना तिथं आहे. पर्यटक रोपवेनं जातात. मित्र गाडीनं जातात, कारण मधेच उतरता येतं. चढणीवर जुन्या गाड्यांच्या तापमानाचा काटा लालवर जातो, बॉनेट उघडून वाफेत उभे राहिलेले लोक हे त्या घाटाचं स्थायी दृश्य. वर थंडी, धुकं, खेळण्यांची जत्रा. जुगारखान्याच्या दाराशी मात्र टोळी दुभंगते. मलेशियाच्या मुसलमानांना आत जायला मनाई, एकविसाखालच्यांनाही. बाहेर राहिलेले कॉफी घेऊन बसतात, आत गेलेले ‘अर्ध्या तासात आलोच’ म्हणतात. दोन तास जातात. बाहेर आल्यावर चेहरे बघून कुणी काही विचारत नाही. उतरताना डोंगराच्या कुशीतल्या गोहतोंग जयाला, म्हणजे त्या लिमसाहेबांच्याच नावाच्या गावात, नूडल्स खायचा शिरस्ता, आणि त्याचे पैसे न हरलेल्यांनी द्यायचे. ‘आमच्या धर्मानं आम्हाला वाचवलं आणि तुमच्या जेवणाला लावलं,’ असं एक मलय मित्र दरवेळी ऐकवतो.

डोंगर चढणारेही आहेत. करोनानंतर तर पहाटे चारला ब्रोगा टेकडीच्या पायथ्याशी मोटारींची रांग लागू लागली. त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. तिथल्या जंगलात जळवा असतात, एवढं पुरे.

डुरियनबद्दल मात्र सांगतो. जूनपासून ऑगस्टपर्यंत एसएस २च्या रस्त्यावर काटेरी फळांचे ढीग लागतात. आपल्याकडच्यांना तो फणसाचा भाऊ वाटतो, पण वनस्पतिशास्त्रानं तो जास्वंद-कापसाच्या कुळातला आहे. १९९३मध्ये डी १९७ या क्रमांकानं नोंदलेली मुसांग किंग ही जात आता चिनी बाजारामुळे इतकी महाग झाली आहे की मित्र मिळून एक फळ घेतात आणि गरे मोजून वाटतात. विक्रेता हातमोजा घालून फळ हलवतो, कान लावतो, विचारतो, कडू हवं की गोड? जाणकार कडू मागतात. खाऊन झालं की रिकाम्या सालीत पाणी ओतून त्यानं हात धुवायचे, वास जातो म्हणे. तो जात नाही. हॉटेलांत आणि गाड्यांत डुरियनला बंदी असल्याच्या पाट्या असतात, म्हणून उरलेलं फळ कुणाच्या तरी मोटारीच्या डिकीत जातं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं ते तिथं ठेवलं आणि तो चार दिवस पेनांगला गेला, गाडी मॉलच्या उन्हातल्या पार्किंगमध्ये. पुढे ती गाडी त्यानं विकली. घेणाऱ्याला सर्दी होती, असं टोळीतले सांगतात.

या सगळ्याला मलेशियात पूर्वज आहेत. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९५७ला, अभिनेता-दिग्दर्शक पी. रामलीनं ‘बुजांग लापोक’ हा चित्रपट केला; एका घरात खोल्या भाड्यानं घेऊन राहणारे तीन फाटके ब्रह्मचारी आणि त्यांची रोजची फजिती. तो इतका चालला की त्याची मालिकाच निघाली. तेव्हा हे चित्रपट सिंगापुरात बनत आणि त्या स्टुडिओंत भारतीय दिग्दर्शकांचा राबता होता. ज्या ‘हांग तुआ’मध्ये (१९५६) रामली नायक होता त्याचे दिग्दर्शक फणी मुजुमदार मुंबईहून गेलेले. तिथल्या मध्यरात्रीच्या टीव्हीवर रामली अजूनही लागतो आणि मामाकमधली विशीतली पोरं त्याचे संवाद आधीच म्हणून टाकतात. व्यंगचित्रकार लाटचं ‘टाउन बॉय’ हे चित्रपुस्तक त्याच जातीचं. खेड्यातून इपोहला आलेला मलय मुलगा, कॉफीच्या दुकानावर राहणारा त्याचा चिनी मित्र, ग्रामोफोनवरचं रॉक अँड रोल, आणि दोघांनी मिळून केलेले फुकटचे उद्योग.

लाटच्या पानांवरची ती मैत्री आज किती टोळ्यांत दिसते? सरकारी जाहिरातींत नेहमी तीन जण असतात, मलय, चिनी आणि भारतीय, एकाच टेबलावर हसत. मी रात्री एकला मामाकमध्ये टेबलं न्याहाळली तेव्हा बहुतेक टेबलं एकाच वंशाची दिसली. कारण लांबचं नाही. प्राथमिक शाळाच वेगळ्या, मलय माध्यमाची, मँडरिन माध्यमाची, तमिळ माध्यमाची. बालपणीचे मित्र तिथं ठरून जातात. मिश्र टोळ्या बनतात त्या कॉलेजात, ऑफिसात, खेळाच्या मैदानावर. आमची टोळी मिश्र होती म्हणून मला सारा देश तसा वाटायचा, आणि इपोहवाला दरवेळी माझा तो समज खोडून काढायचा. त्याच्या मते एका छताखाली वेगवेगळ्या टेबलांवर बसणं हेही काही कमी नाही. मला ते पुरेसं वाटत नाही.

अपवाद बॅडमिंटनचा. १९ ऑगस्ट २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये मलेशियाचा ली चोंग वेई आणि चीनचा लिन दान यांची उपांत्य लढत होती. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत लिन दाननं त्याला हरवलेलं. तिसरा गेम २२-२० असा ली चोंग वेईनं घेतला तेव्हा मामाकमध्ये कोण कुणाच्या टेबलावर होतं हे सांगता आलं नसतं. क्लांगच्या थोरल्या भावानं एका अनोळखी मलय आजोबांना उचलून घेतलं होतं. आजोबांच्या हातातला तेह तारिक त्याच्या पाठीवर. दुसऱ्याच दिवशी त्याच देशानं अंतिम सामना हरलेला पाहिला, तो मात्र जो तो आपापल्या टेबलावर.

दिवाळीला मलेशियात सारावाक सोडून सगळीकडे सुट्टी असते. मॉलच्या मधोमध रंगवलेल्या तांदळांची भलीमोठी कोलम काढतात, तिच्याभोवती दोरी. घराघरांत ‘ओपन हाउस’, म्हणजे दार उघडं, जो येईल त्याला जेवण. हरी रायाला, म्हणजे ईदला, मलयांकडे, नववर्षाला चिन्यांकडे, दीपावलीला तमिळांकडे. क्लांगच्या भावांच्या आई त्या दिवसासाठी मुरुक्कू स्वतः तळतात, पण कोंबडी आणि बिर्याणी हलाल केटररकडून मागवतात, ताटंही कागदी, म्हणजे मलय पाहुण्यांना घरातल्या भांड्यांचा विचार करावा लागू नये. गोमांस नाही, डुक्कर नाही, आणि शाकाहाऱ्यांचं टेबल वेगळं. टोळी सकाळी अकराला निघते, चार मोटारींतून, घरामागून घर. तिसऱ्या घरी पोट भरतं. चौथ्या घरच्या मावशी ‘माकान दुलू’, आधी जेवा, म्हणून दारातच हात धरतात. बैठ्या घरांच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी अंगणात येऊन गाडीचा नंबर ओरडतं. तो बहुधा मायव्हीचा असतो.

लग्न न झालेल्यांना पैशांची पाकिटं मिळतात. चिनी नववर्षाला लाल, हरी रायाला हिरवी, दीपावलीला जांभळी. इपोहच्या मित्रानं चाळिशी ओलांडली तरी लग्न केलेलं नाही, त्यामुळे त्याला तिन्ही सणांची पाकिटं अजून मिळतात आणि तो ती लाजत नाही, मोजून घेतो. गेल्या दीपावलीला चौथ्या घराबाहेर गाडीत बसून त्यानं जांभळी पाकिटं उघडली, नगरपालिकेचं ॲप काढलं, दंडावर सवलत चालू आहे का पाहिलं, आणि मामाकसमोर दुहेरी गाडी लावल्याच्या साचलेल्या पावत्या तिथंच भरून टाकल्या.